सेवासमाप्तीचे प्रमाणपत्र : एका निकषाची चिकित्सा

एखादी सार्वजनिक सेवा सुरू करावयाची तर सरकारची परवानगी लागते, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ती बंद करावयाची तरीही परवानगी लागावी, हा विचार मात्र तितकासा परिचयाचा नाही. दुकानदाराने दुकान मोडले तर त्याला कोणी जाब विचारीत नाही; मग दूरध्वनी कंपनीनेच आपली जुनी, तोट्यात चालणारी, बहुसंख्य गिऱ्हाइकांनी पाठ फिरविलेली सेवा बंद करताना दुसऱ्या कोणाची संमती का घ्यावी? ह्या प्रश्नाला अमेरिकी कायद्याने जे उत्तर दिले आहे, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते उत्तर तत्त्वतः बरोबर आहे असे माझे मत आहे. परंतु मूळ कायद्याचे वाक्य आणि त्याच्या आधारे पुढे घडविलेल्या नियमाचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर मधल्या काळात त्या उत्तराचा रोख फिरलेला आहे असे दिसून येते. हा फरक कायदेमंडळात वाद होऊन घडलेला नाही. वाक्यातील एक अट एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सरकली, एवढ्याने तो घडला आहे.

प्रथम कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहू. अमेरिकेचा दळणवळणविषयक कायदा १९३४ सालचा. त्यानेच फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन ही संस्था निर्माण केली. तिला यापुढे ‘आयोग’ असे म्हणू. ह्या कायद्याचे २१४ वे कलम मूळचे नवीन मार्ग उभारण्यासंबंधीचे होते. कंपनीने नवी तार टाकण्यापूर्वी सार्वजनिक सोय व आवश्यकता यांच्या दृष्टीने तिची गरज आहे, असे प्रमाणपत्र मिळवावे, असा त्याचा आशय. सेवा बंद करण्याचा मजकूर त्यात १९४३ साली घालण्यात आला. त्या वर्षी पोस्टल टेलिग्राफ ही डबघाईस आलेली कंपनी वेस्टर्न युनियनमध्ये विलीन करण्यास परवानगी देण्यात आली. दोन प्रतिस्पर्धी तारकंपन्यांची एक कंपनी झाली म्हणजे गावोगावची तारघरे बंद होऊ लागणार, हे उघड होते. शिवाय युद्ध चालू होते. विलीनीकरणाच्या परवानगीबरोबरच सेवा काढून घेण्यावर हा अंकुश आला तो या कारणाने. तारेच्या आयुष्याची उतरती कळा लागली असताना तिच्यासाठी केलेली ही तरतूद पुढे दूरध्वनीच्या वाट्याला आली, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

‘सार्वजनिक सोय व आवश्यकता’ हा शब्दप्रयोगही दूरसंचाराचा नव्हे. तो रेल्वेच्या कायद्यातून आलेला आहे. १९२० च्या वाहतूक कायद्याने रेल्वेमार्ग नव्याने टाकणे आणि असलेला मार्ग सोडून देणे या दोहोंसाठी असेच प्रमाणपत्र आवश्यक ठरविले होते. रेल्वेमार्ग ही एक जागेवरची वस्तू आहे. रूळ उखडले की त्या गावाला गाडी नाही. मार्ग गेला म्हणजे नेमके काय गेले, याविषयी संदिग्धता राहत नाही. दूरध्वनीची गोष्ट वेगळी आहे. तेथे तांब्याची तार काढून तिच्या जागी बिनतारी पेटी बसवली, तर सेवा बंद झाली काय? आवाज ऐकू येतो, क्रमांक तोच आहे, बिल त्याच कंपनीचे आहे. रेल्वेसाठी घडविलेल्या शब्दांना या प्रश्नाचा विचार करण्याचे कारण पडले नव्हते.

आता प्रत्यक्ष वाक्याकडे वळू. त्याचा आशय असा : सध्याच्या अथवा भावी सार्वजनिक सोयीस व आवश्यकतेस बाध येणार नाही असे प्रमाणपत्र आयोगाकडून आधी मिळाल्यावाचून कोणत्याही कंपनीने एखाद्या समाजाची, अथवा समाजाच्या एखाद्या भागाची, सेवा बंद करू नये, कमी करू नये, अथवा तिला उणेपणा आणू नये. या वाक्यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक तर क्रियापदे तीन आहेत. सेवा साफ बंद करणे आणि ती असून नसल्यासारखी करणे हे कायदा एकाच तराजूत तोलतो. दुसरे असे की, हिशेब ‘समाजाच्या एखाद्या भागा’चाही आहे, शंभरांपैकी नव्वदांचे भागले एवढे पुरत नाही. तिसरी गोष्ट वाक्यरचनेची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. वाक्य ‘कोणत्याही कंपनीने करू नये’ या निषेधावर उभे आहे. निषेध हा नियम. परवानगी हा अपवाद. बाध येणार नाही हे दाखविण्याचा भार अर्थातच अपवाद मागणाऱ्यावर, म्हणजे कंपनीवर पडतो. अर्जाची प्रत संबंधित राज्याच्या राज्यपालाकडे आणि संरक्षणमंत्र्याकडे गेली पाहिजे, हेही कलमात आहे.

यानंतर नियमाचे वाक्य पाहावे. सेवा बंद करू इच्छिणाऱ्या कंपनीने ग्राहकांना जी सूचना पाठवावयाची, तिचा मजकूर आयोगाच्या नियमांनी ठरवून दिला होता आणि तो अनेक वर्षे जवळजवळ तसाच वापरात राहिला. त्याचा आशय असा : ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडून ही सेवा अथवा तिचा वाजवी पर्याय मिळू शकणार नाही, किंवा सार्वजनिक सोयीस अन्य प्रकारे बाध येतो, असे दाखवून देण्यात आले नाही, तर आयोग सामान्यतः ही परवानगी देईल, आपली हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. मोठ्या, बाजारावर प्रभुत्व असलेल्या कंपनीच्या बाबतीत ही मुदत आयोगाच्या जाहीर सूचनेपासून तीस दिवसांची, इतरांच्या बाबतीत पंधरा दिवसांची. आयोगाने मध्ये हात घातला नाही, तर पहिल्या प्रकारात साठाव्या दिवशी आणि दुसऱ्या प्रकारात एकतिसाव्या दिवशी परवानगी आपोआप मिळाल्यासारखी होई.

दोन वाक्यांतील शब्द बरेचसे तेच आहेत. सार्वजनिक सोय तीच, आवश्यकता तीच. परंतु कायद्यात परवानगी हा अपवाद होता, येथे ती ‘सामान्यतः’ घडणारी गोष्ट झाली. कायद्यात अट कंपनीच्या मार्गात उभी होती, येथे ती ग्राहकाच्या मार्गात आहे. बाध येत नाही हे कंपनीने सिद्ध करावयाचे, त्याऐवजी बाध येतो हे ग्राहकाने दाखवावयाचे. आणि कोणी काही दाखविले नाही, तर दिवस मोजून परवानगी पक्की होते. व्याकरणदृष्ट्या हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु न्यायाच्या व्यवहारात पुरावा कोणी द्यावयाचा यावरच पुष्कळदा निकाल अवलंबून असतो, हे वकिली न करणाऱ्यालाही ठाऊक असते.

आयोगाची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. १९८० नंतर अमेरिकेत लांब पल्ल्याच्या दूरध्वनीत अनेक कंपन्या उतरल्या. त्यांपैकी एखादी लहान कंपनी एखाद्या शहरातून निघून गेली तरी तेथे दुसऱ्या चार कंपन्या तीच सेवा विकत होत्या. अशा कंपनीकडून सविस्तर पुरावा मागणे म्हणजे दप्तर वाढविणे, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. म्हणून सुटसुटीत पद्धती आली. स्पर्धेत असलेल्या सेवेपुरती ती योग्यच होती. दोष आहे तो अशा ठिकाणी की, जेथे जाणारी सेवा ही अनेकांपैकी एक नसून आपल्या प्रकारची शेवटची आहे, तेथेही तोच साचा वापरण्यात आला.

शेवटच्या सेवेचे ग्राहक कोण असतात? ज्यांना सोडून जाणे सोपे होते ते आधीच गेलेले असतात. मागे राहतात ते वृद्ध, ज्यांच्या दरीत भ्रमणध्वनीचा संदेश पोहोचत नाही ते, ज्यांच्या घरी त्या तारेवर दुसरेच एखादे उपकरण टांगलेले आहे ते, आणि काही केवळ सवयीने. यांतील शेवटचा वर्ग सोडला तर बाकीचे सारे बिलासोबत आलेली छापील सूचना वाचून तीस दिवसांत एका संघराज्य आयोगाकडे लेखी हरकत धाडण्याच्या बाबतीत सर्वांत दुबळे असतात. कोणत्याही सेवेच्या अखेरीस ग्राहकवर्ग जसजसा लहान होत जातो, तसतशी त्याची गरज तीव्र होत जाते आणि आवाज क्षीण होत जातो. मौन म्हणजे संमती हा न्याय येथे लावणे म्हणजे ज्या भागासाठी कायद्यात ‘समाजाच्या एखाद्या भागाची’ हे शब्द घातले, नेमका तोच भाग हिशेबातून वगळणे होय.

अर्ज वादग्रस्त ठरला तर आयोग पाच बाबींचा विचार करीत आला आहे : सेवा चालू ठेवल्याने कंपनीवर पडणारा आर्थिक भार, त्या सेवेची सर्वसाधारण गरज, त्या विशिष्ट साधनसामग्रीची गरज, पर्याय आहेत काय व ते पुरेसे आहेत काय, आणि पर्यायासाठी वाढीव दर पडेल काय. पहिल्या तीन बाबींत विशेष अडचण नाही. साऱ्या वादाचे मूळ चौथ्या बाबीत, ‘पर्याय’ या एका शब्दात आहे. पर्याय कशाला? बोलण्याला, की बोलण्यासाठी टाकलेल्या तारेवर लोकांनी जे जे उभारले त्या सर्वाला?

या प्रश्नाचा कस लागला तो फायर आयलंड येथे. न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडच्या दक्षिणेस समुद्राला समांतर पसरलेले हे एक अरुंद वाळूचे बेट आहे. उन्हाळ्यात तेथे गर्दी असते, हिवाळ्यात थोडकी माणसे राहतात, आणि बेटाच्या बऱ्याच भागात मोटारींना वाव नाही. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस आलेल्या सँडी वादळात तेथील तांब्याच्या तारांत खारे पाणी शिरून त्या निकामी झाल्या. व्हेरायझन कंपनीने तारा पुन्हा न टाकता ‘व्हॉइस लिंक’ नावाची बिनतारी पेटी घरोघर देण्याचे ठरविले. घरातला जुना दूरध्वनी त्या पेटीला जोडावयाचा, म्हणजे नेहमीसारखे बोलता येते. न्यू यॉर्क राज्याच्या नियामक मंडळाने मे २०१३ मध्ये तात्पुरती संमती दिली, आणि जूनमध्ये कंपनीने कलम २१४ खाली आयोगाकडे अर्ज केला. त्यात न्यू जर्सीच्या किनाऱ्याचा काही भागही होता.

कंपनीच्या दृष्टीने येथे बंद होत असे काहीच नव्हते; आवाज जात होता आणि येत होता. रहिवाशांच्या हरकती आल्या तेव्हा मात्र एक निराळेच चित्र पुढे आले. त्या पेटीवरून फॅक्स जात नव्हता. दुकानातील क्रेडिट कार्डाचे यंत्र चालत नव्हते. चोरापासून सावध करणारी घंटा आणि एकट्या वृद्धाने गळ्यात घालावयाचे, संकटकाळी दाबावयाचे बटण ही दोन्ही त्या पेटीशी जुळत नव्हती. तारेवरून येणारे इंटरनेट तर गेलेच. शिवाय तांब्याच्या तारेतून केंद्राकडील विद्युत्प्रवाह घरापर्यंत येतो, म्हणून घरातील दिवे गेले तरी जुना दूरध्वनी चालू राहतो. पेटीला मात्र घरची वीज किंवा बॅटरी हवी. ज्या बेटावर वादळामुळेच हा प्रसंग ओढवला, तेथे वादळात उपयोगी न पडणारे साधन पर्याय म्हणून सुचविले जात होते.

ऑगस्ट २०१३ मध्ये आयोगाने हा अर्ज आपोआप मंजूर होणार नाही असे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये कंपनीने फायर आयलंडवर प्रकाशतंतूची तार टाकण्याचे कबूल केले व त्या बेटापुरता अर्ज मागे घेतला. परिणामी आयोगाचा निर्णय असा झालाच नाही. तथापि या प्रकरणाचे महत्त्व निर्णयात नाही. तारेच्या टोकाला काय काय लोंबत होते याची यादी कंपनीजवळ नव्हती. ती हरकतींतून तयार झाली. माझ्या मते परवानगीच्या पद्धतीचे खरे समर्थन येथे आहे. सेवा म्हणजे काय हे देणाऱ्याला पूर्णपणे ठाऊक नसते. घेणाऱ्यांनी तिचे काय केले हे त्यांना विचारल्याखेरीज कळत नाही. पुढे २०१६ साली आयोगाने पर्यायासाठी जी कसोटी ठरविली, तीत सेवेचा दर्जा, आपत्कालीन मदत व अपंगांना होणारा उपयोग यांच्या बरोबरीने महत्त्वाच्या उपकरणांशी जुळणी हाही भाग आला. त्यामागे फायर आयलंडचा अनुभव दिसतो.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट, म्हणजे परवानगी दिली गेल्याचे आहे. ते २१४ व्या कलमाखालचे नव्हे, परंतु प्रश्न तोच आहे. अमेरिकेत भ्रमणध्वनीची सेवा ऑक्टोबर १९८३ मध्ये शिकागो येथे अनुरूप, म्हणजे ॲनालॉग, पद्धतीने सुरू झाली. अंकीय पद्धती आल्यावरही ही जुनी सेवा चालू ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर होते. २००२ साली ते काढून टाकावयाचे ठरले. त्या वेळी श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची अडचण पुढे आली : अंकीय दूरध्वनी कानाजवळ धरला की यंत्रात गुणगुण होई, ॲनालॉगमध्ये तसे होत नसे. आयोगाने परवानगी नाकारली नाही, आणि तत्काळ दिलीही नाही. पाच वर्षांची मुदत घातली. त्या मुदतीत, २००३ मध्येच, अंकीय दूरध्वनी श्रवणयंत्रांशी जुळते करण्याचे बंधन उत्पादकांवर घालण्यात आले. धोक्याच्या घंटांचा व्यवसाय करणाऱ्यांनी मुदतवाढ मागितली, ती २००७ मध्ये फेटाळली गेली. १८ फेब्रुवारी २००८ रोजी बंधन संपले. मला हा निर्णय आदर्शाच्या बराच जवळचा वाटतो. येथे पर्याय ‘आहे काय’ असे नुसते विचारले गेले नाही. तो घडावा इतका वेळ दिला गेला व तो घडविण्यास भाग पाडले गेले. ज्यांना पाच वर्षांत यंत्रे बदलता येण्याजोगी होती त्यांची तक्रार मानली नाही, हेही योग्यच.

भार कोणावर, या प्रश्नाचे अलीकडील उदाहरण कॅलिफोर्नियाचे आहे. त्या राज्यात काही कंपन्यांवर ‘अखेरचा पुरवठादार’ म्हणून मागेल त्याला मूलभूत दूरध्वनी देण्याचे बंधन आहे. मार्च २०२३ मध्ये एटी अँड टी कंपनीने आपल्या सेवाक्षेत्राच्या फार मोठ्या भागातून या बंधनापासून मुक्तता मागितली. राज्याच्या नियामक मंडळाने जाहीर सुनावण्या घेतल्या. हजारो लोकांनी आपले म्हणणे मांडले. डोंगराळ भागातील वणव्यांचा, वीज तोडली जात असल्याचा आणि भ्रमणध्वनीचा संदेश न पोहोचण्याचा उल्लेख त्यांत पुनःपुन्हा आला. २० जून २०२४ रोजी मंडळाने अर्ज फेटाळला. आपली जागा घेणारा दुसरा पुरवठादार आहे हे कंपनीला दाखविता आले नाही, हे त्याचे कारण. १९४३ च्या वाक्याचा मूळ रोख येथे, एका राज्याच्या मंडळात, शाबूत राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

संघराज्याच्या पातळीवर वारे दुसऱ्या दिशेने वाहत आहे. मार्च २०२५ मध्ये आयोगाच्या संबंधित विभागाने काही अटी सैल केल्या, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ही सारी पद्धती आणखी सुटसुटीत करण्याचा प्रस्ताव आयोगाने मांडला. २०२९ च्या अखेरपर्यंत तांब्याचे बहुतेक जाळे निवृत्त करण्याचा एटी अँड टीचा मनोदय जाहीर आहे. कंपन्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे हे नाकारता येणार नाही. दोन जाळी एकाच वेळी चालविण्याचा खर्च शेवटी सर्वांच्याच बिलात उतरतो. जुन्या केंद्रांचे सुटे भाग मिळत नाहीत. ती दुरुस्त करणारी माणसे निवृत्त झाली. तांबे अमर राहावे असा आग्रह धरणे हे लोकसोयीचे रक्षण नव्हे. परंतु या युक्तिवादातून ‘जुने जावे’ एवढेच निष्पन्न होते. ‘न विचारता जावे’ हे होत नाही. विलंब खर्चिक असेल तर मुदत आखडावी. पुराव्याची बाजू बदलण्याचे त्यात काही कारण दिसत नाही.

‘कालबाह्य’ या विशेषणाबद्दल येथेच दोन शब्द. सेवेच्या मागे हे विशेषण लावले की निर्णय अर्धा झालेला असतो. वस्तुतः काल हा सर्वांचा एकाच वेळी पुढे सरकत नाही. फायर आयलंडवरील दुकानदाराच्या लेखी कालबाह्य काही नव्हते. त्याचे यंत्र कालपर्यंत चालत होते, आज बंद पडले. कंपनीच्या अर्जात हा शब्द वर्णनासारखा येतो. चिकित्सकाने तो पक्षकाराचे म्हणणे म्हणून वाचावा.

ही सारी चर्चा परक्या कायद्याची आहे. परंतु ज्या सेवेच्या निमित्ताने ते कलम जन्मले, ती तारसेवा वेस्टर्न युनियनने २००६ च्या जानेवारीत बंद केली आणि आपल्याकडे ती जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तेव्हा तुलना करणे अप्रस्तुत होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चाललेली ही सेवा भारत संचार निगमाने जून २०१३ च्या एका परिपत्रकाने समाप्त केली. टपाल खात्याशी विचारविनिमय झाला होता. मे २०११ मध्ये दर पन्नास शब्दांना सत्तावीस रुपये केला होता, तरी त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार वार्षिक उत्पन्न पाऊण कोटीच्या आसपास आणि खर्च शंभर कोटींवर होता. अशी सेवा टिकवावी असे कोणी म्हणेल असे वाटत नाही. १८८५ च्या तार अधिनियमात सेवा बंद करण्यापूर्वी कोणाचे प्रमाणपत्र घ्यावे अशी अट नव्हती. नियामक प्राधिकरण १९९७ पासून अस्तित्वात होते. पण या बाबतीत हरकती मागविण्याची पायरीच ठरलेली नव्हती.

लोक मात्र बोलले. रजा वाढवून मागणारे जवान, अटकेची वेळ कागदोपत्री राहावी म्हणून तार करणारे आरोपीचे नातलग, नोटिशीची पोच म्हणून तारेचा आधार घेणारे वकील असे तिचे उरलेसुरले ग्राहक कोण, हे त्या दिवसांतील वृत्तांतांवरून कळत होते. यांतील प्रत्येकाची गरज ही निव्वळ निरोपाची नव्हती. निरोप अमुक वेळी सरकारी हातातून गेला याच्या पुराव्याची होती. दूरध्वनी आणि लघुसंदेश हे त्या गरजेचे पर्याय होते काय, हा फायर आयलंडच्या जातीचाच प्रश्न होता. तो विचारण्याची जागा नसल्यामुळे त्याचे रूपांतर आठवणींत झाले. मराठी घरांत ‘तार आली’ हे शब्द कानी पडताच बायका पदर तोंडाला लावीत, कारण तार म्हणजे बहुधा मरणाची बातमी. या जातीचे स्मरणलेख जुलै २०१३ मध्ये पुष्कळ आले, आणि त्यांतील काही चांगलेही होते. अटकेच्या वेळेचा पुरावा यापुढे कोठून मिळवावयाचा, याचा विचार त्यांत क्वचितच आढळतो. १८८५ चा अधिनियम जाऊन त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला आहे. त्याखालील नियम वाचताना, नवी सेवा देण्याच्या अटींबरोबर जुनी सेवा काढून घेण्याच्या अटी कोठे आहेत आणि त्यांतील पुराव्याचा भार कोणाच्या शिरावर ठेवला आहे, हे पदव्युत्तर अभ्यासकांपैकी कोणी शब्दशः तपासून पाहिले तर त्यातून एक चांगला प्रबंध होऊ शकेल.